अडीच साड्या, पाच सेकंद

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातली सगळी वाहनं फार सुसंस्कृत होती. ती विराम स्थितीतून निघायची, सरळ रस्त्यानं जायची, त्यांच्या चाकांना घर्षण लागायचं नाही, वाटेत म्हैस आडवी यायची नाही आणि दहा सेकंद झाले की ती नम्रपणे विचारायची, आता सांगा, माझं त्वरण किती? आमच्या वस्तीत असं एकही वाहन नव्हतं. रिक्षा नऊ माणसं भरल्याशिवाय विराम स्थिती सोडत नसे. टेम्पो कापडाच्या ताक्यांखाली एका अंगावर कललेला असे आणि तो निघाला तरी नक्की कुठल्या दिशेनं निघालाय, हे त्याच्या मागच्याला कळत नसे.

पण आमच्या विज्ञानाच्या सरांना त्याचं काही नव्हतं. ते फळ्यावर एक चौकोन काढायचे, त्याला दोन गोल लावायचे आणि म्हणायचे, "ही बस. हिचं त्वरण एकसमान आहे." का एकसमान आहे, हे विचारायची पद्धत नव्हती. आम्ही सुरतेत मराठी माध्यमात शिकणारी पोरं. गुजराती माध्यमातली पोरं त्यालाच प्रवेग म्हणायची आणि आम्ही त्वरण, एवढाच फरक. बस कुणीच कधी मोजली नव्हती.

मी वर्गात विज्ञानात पहिली होते, आणि हे मी कुणाला विसरू देत नव्हते. घरात सगळे अहिराणी बोलायचे, तर मी मुद्दाम शाळेतलं मराठी बोलायची. माय म्हणायची, "पाणी दे," तर मी म्हणायची, "देते, पण पाण्याचं वस्तुमान किती हवं?" माय माझ्याकडे अशी बघायची, जणू शेजारणीची पोरगी चुकून घरात शिरली असावी. आज आठवलं की मलाच माझ्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

आप्पा, म्हणजे माझे वडील, एका ठेकेदाराची बस चालवायचे. सकाळी आमच्या उधन्याच्या नाक्यावरून माणसं भरायची, तापीचा पूल ओलांडायचा, इच्छापोरला आणखी काही जण घ्यायचे आणि हजीऱ्याच्या एका कारखान्याच्या गेटवर सगळ्यांना वेळेत उतरवायचं. तिथून सुटलेल्या पाळीची माणसं परत आणायची. त्याआधी अकरा वर्षं ते लूम्सच्या खात्यावर, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात होते. बारा-बारा तास यंत्रांच्या खडखडाटात उभं राहून त्यांचा डावा कान गेला आणि उजवाही जायच्या वाटेवर होता. तेव्हा त्यांनी सुट्टीच्या दिवशी गाडी शिकून घेतली, हेवी लायसन काढलं आणि खातं सोडलं. सोडताना त्यांनी मायला सांगितलं होतं की आता भीक मागेन, पण परत त्या आवाजात उभा राहणार नाही. आप्पा फार कमी बोलायचे, त्यामुळे त्यांचं हे वाक्य आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं.

एका शुक्रवारी ते बसमधून उतरून घरी आले ते हातात एक इंग्रजी फॉर्म घेऊन.

"हाई काय शे, वाच बरं," ते म्हणाले.

ठेकेदाराकडे एक नवे सेफ्टी साहेब आले होते. वय पंचविशीचं. जेवायला बसतानाही हेल्मेट घालून बसायचे म्हणे. त्यांनी बसगाड्यांकडे बघितलं. त्यांना दिसलेल्या गोष्टी अशा: टायर गुळगुळीत, मागच्या दाराला सुतळी, एका बसला आरसा नाही, एकीला हॉर्नच नाही. हे सगळं सुधारायला ठेकेदाराला खिशात हात घालावा लागला असता. म्हणून साहेबांनी ड्रायव्हर सुधारायचं ठरवलं. फॉर्मवर लिहिलं होतं की प्रत्येक ड्रायव्हरनं आपली बस थांबलेल्या स्थितीतून नेहमीसारखी उचलावी, किती वेळात किती वेग आला ते लिहावं आणि त्यावरून त्वरण काढावं. ते एकापेक्षा जास्त भरलं तर तो ड्रायव्हर माणसं न्यायला नालायक. त्याचा गेटपास पुन्हा काढला जाणार नव्हता. फॉर्म पुढच्या शनिवारी द्यायचा होता.

मी डिक्शनरी घेऊन हे वाचून दाखवलं. गेटपास हा शब्द आला तसा मायचा हात साडीची घडी घालता घालता थांबला. गेटपास नाही म्हणजे हजीरा नाही, हजीरा नाही म्हणजे बस नाही, आणि बस नाही तर मग ते खातं.

माय त्या वेळी साड्यांची घडी घालायचं काम घरी आणत असे. गठ्ठाच्या गठ्ठा यायचा. साडी झटकायची, घडी घालायची, वर लेबल चिकटवायचं, पिशवीत सरकवायची. आमच्या घरात झोपायला जागा साड्यांना आधी मिळायची, उरली तर आम्हाला.

"बठ्ठासनी झिरोक्सवालाकडथून भरी लिधा व्हई," माय म्हणाली. "तुम्ही बी तोच आकडा टाकी द्या."

ती बरोबर म्हणत होती. नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्यानं एक फॉर्म भरून दिला होता, त्वरण ‘अर्धा’ असं टाकून, आणि बाकीचे ड्रायव्हर रांगेत उभे राहून त्याची नक्कल काढत होते. एकाच क्षणी, एकाच त्वरणानं, अकरा बसगाड्या सुरतेतून निघाल्या होत्या. त्यातल्या एका बसचं इंजिन तर गेला आठवडाभर खाली उतरवून ठेवलेलं होतं.

पण मी विज्ञानात पहिली. मी म्हणाले, "खोटं कशाला लिहायचं? मी मोजते ना. सोपं आहे."

आप्पांनी मायकडे बघितलं. मग म्हणाले, "मोजू दे तिले. पोर शिकी राहिनी."

रविवारी मी त्यांच्याबरोबर निघाले. पहाटेची पाळी न्यायची, त्यांना गेटवर सोडायचं आणि परतीची माणसं मिळेपर्यंतच्या वेळात रिकामी बस घेऊन इच्छापोरच्या पुढच्या सरळ रस्त्यावर मोजायचं, असं ठरलं होतं. तोवर मी कधी त्यांच्या बसमध्ये बसले नव्हते. मी ड्रायव्हरच्या डाव्या बाजूला इंजिनाच्या झाकणावर बसले आणि मागं वळून बघत राहिले.

बसमध्ये बसणारा माणूस टेकला की झोपायचा. मराठवाड्यातले, विदर्भातले, आमच्या खान्देशातले, ओरिसाचे, सगळे. डबा मांडीवर, डोकं काचेला. पुलावरची गर्दी, चढ, वळणं, काही नाही, सगळी बस झोपलेली. मला आधी वाटलं, यांना रात्रभर झोप मिळत नसेल. मग आप्पांनी सांगितलं ते मला नवीनच होतं. बस उचलताना किंवा थांबवताना धक्का बसला की झोपलेल्याचं डोकं काचेवर आपटतं आणि टक असा आवाज येतो. तो आवाज आला की समजायचं, आपलं चुकलं. ज्याला घरातली कुकरची शिटी वाजलेली ऐकू येत नसे, त्या माणसाला मागच्या बाकावरचं डोकं आपटलेलं ऐकू यायचं. त्या दिवशी उधन्यापासून हजीऱ्यापर्यंत मी एकही टक ऐकला नाही. मी ते बघितलं, मला मजा वाटली, आणि मी लगेच विसरले. डोकी हे काही मोजण्याचं एकक नव्हतं.

पहिली अडचण काट्याची आली. वेग दाखवणारा काटा चाळीसवर अडकलेला होता. बस चालू असो वा बंद, पंपावर असो वा आमच्या दारात, काटा चाळीसवर. मी मनात गणित केलं. आरंभीचा वेग चाळीस, अंतिम वेग चाळीस, म्हणजे त्वरण शून्य. सूत्राप्रमाणे आमची बस कित्येक वर्षं सतत चालत होती आणि कधीच निघालेली नव्हती.

"काटा बंद पडलाय," मी म्हणाले.

"तो पहिलाथून तसाच शे," आप्पा म्हणाले.

मग मी दुसरा मार्ग काढला, आणि मला त्याचा फार अभिमान वाटला. वेग नको. नुसतं अंतर आणि वेळ पुरे. थांबलेली बस निघाली की ठराविक अंतर किती सेकंदांत कापलं ते बघायचं, अंतराची दुप्पट करायची आणि वेळेच्या वर्गानं भागायचं. वेळेसाठी आप्पांचं सेकंदकाट्याचं हातघड्याळ होतं. अंतरासाठी मी घरून साडी आणली होती.

दुसरं काय आणणार? शाळेतली मीटरपट्टी कपाटात होती आणि कपाटाची किल्ली सरांकडे. शिंप्याची टेप दीड मीटरची आणि तीसुद्धा पहिल्या वीस आकड्यांशिवायची. साडी मात्र लांब होती, सरळ होती आणि तिच्यावर छापलेलंच होतं: ५.५० मीटर. मामीला द्यायची म्हणून मायनं एक कोरी साडी बाजूला ठेवली होती, लेबलासकट. मी ती मागितली. "कसाले?" तिनं विचारलं. "रस्ता मोजायला." तिनं एक डोळा बारीक करून माझ्याकडे बघितलं, डाग पडला तर बघ म्हणाली, आणि दिली.

इच्छापोरच्या पुढं आप्पांनी बस कडेला लावली. एक टोक त्यांनी धरलं, एक मी. दहा वेळा साडी रस्त्याच्या कडेनं अंथरली आणि उचलली. जांभळी साडी, मोठमोठी पिवळी फुलं, आणि दोन्ही टोकांना आम्ही दोघं, अत्यंत गंभीर. एक स्कूटरवाला थांबला.

"बेन, साडी सूकववी छे?" त्यानं विचारलं.

"नाही, त्वरण काढायचंय," मी म्हणाले. तो पुढं गेला आणि लांबपर्यंत मागं वळून बघत राहिला.

दहाव्या साडीच्या टोकाला आम्ही दगड ठेवला. आणि अडीच साड्यांच्या अंतरावर मी एक अर्धी वीट ठेवली. ती सरांमुळे. त्यांनी सांगितलं होतं की त्वरण खरंच एकसमान असेल तर निम्म्या वेळात अंतर निम्मं नव्हे, पाव कापलं जातं. म्हणजे दहा साड्या दहा सेकंदांत गेल्या तर पाच सेकंदांत अडीचच जायला हव्यात. हे पुस्तकाबाहेर कुठं होत नसणार, अशी माझी खात्री होती, पण वीट पडलेली होती म्हणून ठेवली.

आप्पांनी बस उचलली. मी पुढच्या दारात घड्याळ धरून उभी. दार विटेशी आलं तेव्हा पाच सेकंद. दगडाशी आलं तेव्हा दहा. पुन्हा मागं आणलं, पुन्हा उचलली. पाच आणि दहा. तिसऱ्यांदा, पाच आणि दहा. मी वहीत दोन ओळी लिहिल्या: पाच सेकंद, अडीच साड्या; खाली दहा सेकंद, दहा साड्या. पहिल्या ओळीला फॉर्मवर रकाना नव्हता, म्हणून मी तिच्याकडे पुन्हा बघितलं नाही.

मग तिथंच, इंजिनाच्या गरम झाकणावर वही ठेवून गणित केलं. दहा साड्या म्हणजे पंचावन्न मीटर. दुप्पट एकशे दहा. भागिले शंभर. एक पूर्णांक एक.

एकापेक्षा जास्त.

मी पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग म्हटलं, ताळा घेऊ. एवढ्या त्वरणानं दहा सेकंदांनी वेग किती होईल? अकरा मीटर प्रतिसेकंद. तासाच्या हिशोबात एकोणचाळीस पूर्णांक सहा, म्हणजे चाळीसच. मी मान वर करून बघितलं तर काटा चाळीसवर होता. माझा आनंद गगनात मावेना. बाप नालायक ठरत होता आणि मला आनंद कशाचा, तर ताळा जुळला याचा.

"आप्पा," मी म्हणाले, "तुमचं त्वरण जास्त आहे."

"जास्त शे?"

"एक पूर्णांक एक. काटासुद्धा तेच सांगतोय."

ते काट्याकडे बघत राहिले. वर्षानुवर्षं तो काटा काहीच सांगत नव्हता, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. पण ते एवढंच म्हणाले, "बरं. मंग कमी करूत."

मी त्यांना समजावून सांगितलं, अगदी सरांसारखं, एक बोट वर करून. सोमवारपासून बस हळू उचलायची. सवय झाली की शनिवारी सकाळी पुन्हा मोजू आणि खरा, कमी आकडा लिहू. ते मान डोलावत होते. परतीच्या वाटेवर माणसं भरली तेव्हा ते पहिल्यांदाच ओठांत आकडे मोजत गियर टाकताना मला दिसले.

मंगळवारी बस गेटवर बारा मिनिटं उशिरा पोचली आणि ज्यांचं कार्ड वेळेत पंच झालं नाही त्या सगळ्यांचा अर्धा दिवस गेला. बुधवारी आप्पांनी बस आणखी लवकर काढली, तर माणसं अर्ध्या झोपेत शिव्या घालत चढली. मागून एक जण ओरडला, "मामा, बैलगाडी लावली का आज?" नागपूरकडचा एक जण रोज पुढच्या बाकावर बसायचा, तो म्हणाला, "काय ड्रायव्हर, ब्रेकवर पाय ठेवूनच चालवून राह्यला का?" हे आप्पांनी मला सांगितलं नाही. आमच्या चाळीतला एक जण त्याच बसनं जायचा, त्यानं मायला सांगितलं, आणि दारात उभा राहून हसून हसून सांगितलं.

त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली. ड्रायव्हर हल्ली पायाकडे बघत आकडे मोजतो, क्लच अर्धा सोडतो, परत दाबतो, आणि बस उचक्या दिल्यासारखी निघते. "झोपच लागत नाही राव. सारखं डोकं आपटतं काचेवर."

म्हणजे टक वाजत होतं. रोज, पुलापासून गेटपर्यंत, आणि आप्पांना ते ऐकू येत होतं.

बुधवारी रात्रीच्या जेवणाला ते अर्धी भाकरी टाकून उठले. माय म्हणाली, झेरॉक्सवाल्याचा आकडा अजूनही टाकता येईल. मी म्हणाले, तसं करता येणार नाही, आपल्याकडे खरं माप आहे. एवढं झाल्यावरसुद्धा मी असं म्हणाले. आप्पा हात धुताना म्हणाले, "नाही जमनं तं खातं शेच." हे ते इतक्या साधेपणानं म्हणाले की मायनं ताट तसंच जमिनीवर ठेवलं आणि आत निघून गेली. मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. पण चूक आप्पांच्या पायात आहे, माझ्या वहीत नाही, याबद्दल मला तरीही शंका नव्हती.

गुरुवारी संध्याकाळी माय गठ्ठा उघडून बसली होती आणि मी शेजारी बसून वहीतलं गणित पुन्हा करत होते, मोठ्यानं, म्हणजे निदान कुणाला तरी माझी मेहनत दिसावी. "एक साडी साडेपाच मीटर, दहा साड्या पंचावन्न..."

माय घडी घालता घालता म्हणाली, "कोणती साडी साडेपाच?"

"तीच. मामीची."

"तुले कोणी सांगं साडेपाच शे?"

"लेबलवर लिहिलंय ना."

तिनं हातातलं लेबल वर धरलं. सोनेरी कागद, त्यावर साडीतल्या बाईचं चित्र, खाली ५.५० मीटर. मग ते पाठीमागून ओलं केलं, समोरच्या साडीवर चिकटवलं आणि तळहातानं दाबलं.

"हाई लेबल मीच चिकटाडस ना," ती म्हणाली. "रोज दोनशे. हाऊ माल पाचना बी नही शे. बाहेरगावले जास, तठे कोण मोजस?"

आमच्या घरात एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत त्या साड्या होत्या. मी त्यांच्यावर झोपत होते, त्यांच्यावर बसून अभ्यास करत होते. माझ्या नाकासमोर माझी आई दिवसाला दोनशे वेळा खोटं माप चिकटवत होती आणि विज्ञानात पहिली आलेली मी, ते छापलेलं आहे म्हणून त्यावर विश्वास ठेवून रस्ता मोजून आले होते.

"मग तू रविवारी सांगितलं का नाहीस?" मी ओरडले.

"माले कोणी इचारं का?"

नव्हतं विचारलं. शिंप्याकडून ती वीस आकडे गेलेली टेप आणली, मी आणि मायनं मिळून तिच्यावर पट्टीनं खुणा केल्या, आणि मामीची साडी चार वेळा मोजली. चार मीटर नव्वद. दहा साड्या एकोणपन्नास मीटर. दुप्पट अठ्ठ्याण्णव. भागिले शंभर. शून्य पूर्णांक अठ्ठ्याण्णव.

एकापेक्षा कमी. आप्पा आधीपासूनच बरोबर होते. आणि तो माझा लाडका ताळा, चाळीसच्या काट्याशी जुळलेला, तो म्हणजे दोन खोटारड्यांनी एकमेकांच्या बाजूनं दिलेली साक्ष होती.

आप्पा आले तेव्हा मी दारातच त्यांना सांगितलं. चूक माझी आहे, साडी तोकडी आहे, तुम्ही नेहमीसारखी बस चालवा. मला वाटलं ते रागावतील. रागवायला हवं होतं. चार दिवस त्या माणसानं शिव्या खाल्ल्या होत्या, लोकांचे अर्धे दिवस गेले होते. त्यांनी डबा खाली ठेवला, विचारलं, "म्हणजे आते पहिलासारखी चालवू?" मी हो म्हणाले. ते पाय धुवायला गेले. शुक्रवारी बस वेळेवर पोचली आणि चाळीतल्या त्या माणसानं मायला सांगितलं की आज बरी झोप लागली.

शनिवारी त्यांनी फॉर्म दिला. काय झालं ते आप्पांनीच नंतर सांगितलं, आणि त्यांनी एवढी सलग वाक्यं बोललेली मी क्वचितच ऐकली असतील. सेफ्टी साहेब हेल्मेट घालून टेबलाशी बसले होते. समोर अकरा फॉर्मची चवड होती, सगळ्यांवर अर्धा. ते बघून साहेबांना काही वाटलं नाही. आप्पांचा बारावा आला, त्यावर शून्य पूर्णांक अठ्ठ्याण्णव. वेगळा आकडा बघून साहेबांच्या कपाळाला आठी पडली.

"तमारो आंकडो जुदो केम छे?"

"मेरी लडकी ने नापा है, साब."

"काय से नापा?"

"साडी से."

साहेबांनी आप्पांकडे बघितलं, मग आकड्याकडे, मग घड्याळाकडे, कारण जेवणाची वेळ झाली होती. "एक से कम है ना? चलो," असं म्हणून त्यांनी शिक्का मारला. खरंखुरं माप त्या ऑफिसात एकच गेलं होतं, आणि तेच तेवढं संशयास्पद ठरलं. ज्या बसचं इंजिन खाली होतं, तिच्या ड्रायव्हरचा पास कुणी काही न विचारताच झाला.

आप्पांनी नवा पास शर्टाच्या खिशातून काढून माझ्या हातात दिला. मी तो बघितला आणि मायकडे दिला. मायनं तो देवाजवळ ठेवला, मग त्यावर साड्यांचा गठ्ठा पडेल म्हणून उचलून परत त्यांच्याच खिशात घातला.

त्या संध्याकाळी मी वहीची ती पानं फाडून टाकायला बसले. फाडता फाडता रविवारची पहिली ओळ दिसली, जिला फॉर्मवर रकाना नव्हता. पाच सेकंद, अडीच साड्या. तिच्याखाली दहा सेकंद, दहा साड्या. तीनदा. साडी साडेपाचची असो की चार नव्वदची, त्यानं यात फरक पडत नव्हता. पाचाला अडीच आणि दहाला दहा, म्हणजे त्वरण एकसमान. सरांच्या फळ्यावर दोन गोल लावलेला जो चौकोन होता, जो जगात कुठंही नाही असं मी धरून चालले होते, तो रोज पहाटे आमच्या नाक्यावरून निघत होता. सुतळी बांधलेलं दार आणि गुळगुळीत टायर घेऊन. मी ते स्वतःच्या हातानं लिहिलं होतं आणि वाचलं नव्हतं. मला इतकी लाज वाटली की मी पान फाडलं नाही, वही घेऊन तशीच आप्पांकडे गेले.

ते ओट्यावर बसून चहा पीत होते. त्यांच्या उजव्या बाजूला, चांगल्या कानाकडे मी बसले आणि त्यांना ती ओळ दाखवून समजावून सांगितली. या वेळी बोट वर न करता. मी म्हणाले, "आप्पा, तुमची बस अगदी पुस्तकातल्यासारखी निघते. रविवारीही तशीच निघाली होती. तुम्ही चुकत नव्हतात."

"माले माहीत व्हतं," ते म्हणाले. "टक वाजनं नव्हतं ना."

"मग तेव्हाच का नाही म्हणालात? चार दिवस एवढं ऐकून घेतलंत, पास जायची वेळ आली, खात्यावर परत जायला निघाला होतात..."

त्यांनी चहा संपवला, बशी कपाखाली ठेवली आणि माझ्या वहीकडे बघत म्हणाले, "गणित तू करेल व्हतं ना."